बॅटरी गेलीय म्हणे!

ट्रकचं इंजिन सकाळी "घुंऽऽ... घुंऽऽ..." असं कण्हत फिरायला लागलं की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं आहे. "बॅटरी गेलीय." क्लीनर म्हणतो, टपरीवरचा चहावाला म्हणतो, शेजारच्या गाडीचा ड्रायव्हर खिडकीतून मान काढून म्हणतो, आणि मिस्त्री तर गाडीला हात लावायच्या आधीच म्हणतो. मग दोन नव्या बॅटऱ्या येतात, जुन्या भंगाराच्या भावात जातात, गाडी सुरू होते आणि सगळ्यांना वाटतं की रोग बरा झाला.

माझं म्हणणं असं की हे निदान नव्हे, हा मटका आहे. लागला तर लागला! आणि मटक्याचे पैसे नेहमी दुसऱ्याच कोणाच्या तरी खिशातून जातात.

(इथे पावसाबद्दल आणि पुस्तकांबद्दल वाचायला येणाऱ्या नेहमीच्या मंडळींनी आज जरा सोसावं. नातेवाईक मंडळींनी मात्र शेवटपर्यंत वाचावं. त्यांच्यासाठीच लिहितेय.)

मी पॉलिटेक्निकात पोरांना इलेक्ट्रिकल शिकवते. माझ्या भावाचे दोन डंपर खडी वाहतात. त्यामुळे घरी जेवताना पंगतीत डिझेलचा भाव, टायरचा रिमोल्ड आणि सेल्फचे कार्बन हेच विषय असतात. म्हणजे या विषयावर बोलायचा थोडा तरी हक्क मला आहे. तरीही "ताई, तुमचं कॉलेजातलं वेगळं, गाडीचं वेगळं" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचा राग येत नाही. ओहमसाहेबांनी आपला नियम १८२७ मध्ये छापला, त्यात "गाडीला लागू नाही" अशी तळटीप कुठे नाही, एवढंच सांगते.

आधी गाडीत काय होतं ते बघू. मोठ्या ट्रकला चोवीस व्होल्ट लागतात, म्हणून बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. किल्ली फिरवली की सेल्फच्या मोटरला काही सेकंदांसाठी शेकडो अँपिअर करंट लागतो. चार्ल्स केटरिंगने १९१२ च्या कॅडिलॅक गाडीसाठी सेल्फ बसवला, त्याआधी तो गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होता. गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवताना त्याने हेरलं होतं की जी मोटर क्षणभरच चालायची आहे, ती लहान असली तरी तिच्याकडून दांडगं काम करून घेता येतं. आजही सेल्फ तसाच आहे. थोडा वेळ चालणारा, पण भयंकर खादाड.

आणि डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवायची की डिझेल आपोआप पेटलं पाहिजे. इंजिन सावकाश फिरलं तर दाबलेली हवा रिंगांच्या फटीतून निसटते, उष्णता सिलेंडरच्या भिंतीत जिरते आणि डिझेल नुसतंच धूर होऊन बाहेर पडतं. म्हणून ट्रकच्या बाबतीत "सावकाश फिरतंय" आणि "सुरू होत नाही" यांत अंतर फार थोडं.

आता मुद्दा. सावकाश फिरण्याची कारणं ढोबळमानाने चार. एक, बॅटरी रिकामी किंवा म्हातारी. दोन, वाटेतला अडथळा, म्हणजे वायर, लग, टर्मिनल, कट-ऑफ स्विच, सोलेनॉइडचे जळके काँटॅक्ट आणि अर्थिंग. तीन, सेल्फच आजारी, म्हणजे कार्बन झिजले, बुश गेले, आर्मेचर घासतंय. चार, इंजिनच जड, थंडीत घट्ट झालेलं किंवा चुकीच्या ग्रेडचं ऑइल, नाहीतर आत काहीतरी धरलंय. चारही कारणांचा आवाज बहुधा एकच. "घुंऽऽ... घुंऽऽ..."

इथे अनुभवी मिस्त्री म्हणतील, आम्ही कानाने ओळखतो. मान्य! कानाला मी कमी लेखत नाही. नुसतं "टकटकटक" वाजलं तर सोलेनॉइडला व्होल्टेज पुरत नाही, एकदाच "टक्" होऊन शांतता म्हणजे करंट पुढे जात नाही किंवा मोटर जाम, सेल्फ भुर्रकन फिरला पण इंजिन हललं नाही तर दात धरत नाहीत. हे कान सांगतो आणि बरोबर सांगतो. पण चार रोगांचं कण्हणं एकसारखंच असेल तर कान तरी काय करणार? खोकला ऐकून डॉक्टर छातीला नळी लावतात, थेट ऑपरेशनला घेत नाहीत.

ही नळी म्हणजे मल्टिमीटर. काही शे रुपयांत मिळतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी, किल्ली न लावता मोजा. प्रत्येक बॅटरीला १२.६ च्या आसपास असेल तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी. १२ म्हणजे जवळजवळ उतरलेली. दोन्ही वेगवेगळ्या मोजा, कारण आपल्याकडे टेप आणि मोबाइलचा चार्जर एकाच बॅटरीवरून बारा व्होल्ट उचलून लावायची फॅशन आहे. मग एक उपाशी राहते आणि दुसरीला अल्टरनेटर जास्त भरवतो. दोघींचाही सत्यानाश. वीस-बावीस रुपयांची वायर वाचवली, कन्व्हर्टर घेतला नाही, आणि बॅटरी कंपनीला शिव्या!

मग डिझेल बंद ठेवून, म्हणजे इंजिन पेटणार नाही अशी व्यवस्था करून, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड, आणि एकाने सेल्फ मारायचा. दहा सेकंदांच्या वर नाही, दोन वेळांच्या मध्ये सेल्फला मिनिट-दोन मिनिटं विश्रांती. तेवढ्यात दुसऱ्याने मोजायचं. बॅटरीच्या टोकांवर किती राहिले? दोन्ही मिळून १९ च्या खाली घसरले तर बॅटरीवर संशय घ्यायला जागा आहे. बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत किती गळाले? बॅटरीच्या मायनसपासून सेल्फच्या अंगापर्यंत किती गळाले? चोवीस व्होल्टच्या गाडीत एका बाजूला एक व्होल्टच्या वर गळत असेल तर गळती शोधा. झालं! पाच-सात आकडे, अर्धा तास, आणि एकही नट न सोडता कळतं की चारांपैकी कुठलं घर बघायचं. क्लॅम्पमीटर असेल तर आणखी सोपं. व्होल्टेज पडलंय आणि करंट भरमसाट, तर सेल्फ किंवा इंजिन जड. बॅटरी टिकून आहे पण करंट कमी, तर वाटेत अडथळा.

"वायर चेक केली, बीप वाजतंय" हे ऐकलं की मला कपाळावर हात मारावासा वाटतो. केबलची एक तार शिल्लक असली तरी मीटर बीप वाजवतो. साडेचारशे अँपिअर वाहत असताना वाटेत फक्त ०.००८ ओहमचा अडथळा असेल तर ३.६ व्होल्ट तिथेच मरतात. साधा मीटर ओहमच्या पट्टीवर हा अडथळा शून्यच दाखवणार. त्याच वाटेवरून तीन अँपिअरचा दिवा लावा, झकास लागेल, कारण त्याच्या वाट्याला व्होल्टचा चाळिसावा हिस्सासुद्धा तोटा येत नाही. म्हणून गळती मोजायची ती भार असतानाच. पाण्याचा नळ बंद असताना पाइप किती चोंदलाय ते कळत नाही, तसंच हे.

आता घरचा किस्सा. भावाच्या एका डंपरच्या क्लचप्लेटचं काम ऑक्टोबरात झालं. त्याच आठवड्यापासून सकाळी सेल्फ जड जायला लागला. नोव्हेंबरात दोन नव्या बॅटऱ्या आल्या, सव्वीस हजार. महिनाभर बरं चाललं. थंडी वाढली आणि पुन्हा तेच. आता नव्या बॅटऱ्यांना तर दोष देता येईना, मग गुन्हेगार कोण? ड्रायव्हर! रात्री टेप लावून झोपतो म्हणून बॅटरी उतरते, असं ठरलं. ठरवलं कोणी? सगळ्यांनी मिळून. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी असे तीन महिने त्यांच्या पगारातून दोन-दोन हजार कापले. मधेच सेल्फ उघडून कार्बन, बुश बदलले, त्याचे सात हजार वेगळे. फेब्रुवारीअखेर ड्रायव्हर काम सोडून गेले. जाताना मला फोनवर एवढंच म्हणाले, "ताई, मी टेप लावून झोपत न्हाई. खाणीवर नंबर लागंस्तोवर रातभर इंजान मात्र चालू ठिवतो. बंद केलं आन् सकाळी लागलं न्हाई तर नंबर जातोय."

म्हणजे बघा! गाडी सुरू न होण्याच्या धास्तीने माणूस तासाला दोनेक लिटर डिझेल जाळत, धुरात झोपत होता. आणि त्याच्यावर आळ बॅटरी उतरवल्याचा.

होळीच्या सुट्टीत मी गावी गेले तेव्हा मीटर घेऊन गेले. सकाळी उभ्या गाडीची दोन्ही बॅटऱ्यांची बेरीज २५.३. म्हणजे रात्रभरात काहीही उतरलेलं नाही. सेल्फ मारताना बॅटरीवर २३.१, आणि सेल्फवर पोचत होते फक्त १८.६. साडेचार व्होल्ट वाटेत गडप! प्लसच्या बाजूला ०.६ गळाले होते, ते ठीक. मायनसच्या बाजूला ३.९. मग तुकडे केले. बॅटरी ते चासी ०.२, चासी ते इंजिन ३.६, इंजिन ते सेल्फचं अंग ०.१. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे चासीशी त्याचं विजेचं नातं फक्त एका विणीच्या पट्टीने असतं. क्लचच्या कामात ती सोडली होती आणि परत लावताना रंगावर, गंजावर तशीच आवळली होती. निम्म्या तारा तुटलेल्या. दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर पट्टीला हात लावून बघितला तर चटका बसला. बसणारच. ३.६ व्होल्ट आणि साडेचारशेच्या घरात अँपिअर, म्हणजे बादलीतलं पाणी तापवायच्या रॉडपेक्षाही जास्त उष्णता तिथे निघत होती.

नवी पट्टी, लग, तारेच्या ब्रशने घासून चकचकीत केलेली जागा, वरून ग्रीस. खर्च मजुरीसकट सहाशे रुपये. त्यानंतर सेल्फवर २१.७ व्होल्ट पोचले आणि इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. गंमत अशी की सेल्फ मारताना बॅटरीवरचा आकडा आता २३.१ ऐवजी २२.८ दिसला. "ताई, हे तर कमी झालं!" भाऊ ओरडला. अरे, कमी होणारच. वाट मोकळी झाल्यावर मोटर पोटभर जेवतेय.

आता मला सांगा, यात अवघड काय होतं? "कधीपासून जड जातंय?" आणि "त्याच्या आधी गाडीचं काय काम केलं होतं?" हे दोन प्रश्न नोव्हेंबरात कोणी विचारले असते तर मीटरही लागला नसता. आणि ड्रायव्हरवर आळ घ्यायच्या आधी एका सकाळी दहा सेकंद मीटर लावला असता तर तो माणूस तिथल्या तिथे निर्दोष सुटला असता. टेपने बॅटरी उतरली असती तर सकाळचा आकडा खाली दिसला असता. दिसला नसता, कारण उतरलीच नव्हती. माझा राग सव्वीस हजारांचा नाही. अंदाजाने वस्तू बदलली की फार तर पैसे जातात. अंदाज चुकला आणि वस्तू निर्दोष निघाली की मग लोक माणूस शोधतात, आणि सापडतो तो नेहमी पगारावरचा.

काही आक्षेप येणार हे मला माहीत आहे, म्हणून आधीच उत्तरं देऊन ठेवते.

"बॅटरी बदलल्यावर गाडी सुरू झाली होती ना? मग बॅटरीच खराब होती." नाही. नवी बॅटरी जास्त जोर लावते, म्हणून गळतीसकट काही दिवस भागतं. चोंदलेल्या पाइपाला मोठा पंप लावण्यासारखं आहे हे. पाइप चोंदलेलाच राहतो.

"पण बहुतेक वेळा बॅटरीच खराब असते." असेल! जुन्या, उन्हाने भाजलेल्या, पाणी न घातलेल्या बॅटऱ्या आपल्याकडे कमी नाहीत. मग मीटर तेच सांगेल, बिघडलं कुठे? आणि गंमत बघा. बॅटरी गॅरंटीत बदलून मागायला जा. दुकानदार टेस्टर लावल्याशिवाय, चार्जिंगला ठेवल्याशिवाय, प्रत्येक घराचं ॲसिड हायड्रोमीटरने बघितल्याशिवाय हलत नाही. विकताना मोजायची गरज नसते, परत घेताना मात्र विज्ञान आठवतं!

"गाडी उभी राहिली की दिवसाचं भाडं बुडतं, मोजत बसायला वेळ कुठे?" मोजायला अर्धा तास लागतो. भावाची गाडी या न झालेल्या अर्ध्या तासापायी पाच महिने रडली.

"घरातलं भांडण चव्हाट्यावर कशाला?" कारण आळ चव्हाट्यावर घेतला होता. अड्ड्यावर सगळ्यांसमोर. सफाई कुजबुजत देऊन कसं चालेल?

आता जरा मिस्त्री लोकांच्या बाजूने. त्यांना झोडपून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. मिस्त्रीने अर्धा तास मोजून "पट्टी बदला" म्हटलं आणि मोजणीचे तीनशे रुपये मागितले, तर आपण मालक लोक काय म्हणतो? "केलं काय तू? नुसता मीटर तर लावला!" वस्तू हातात दिसली की आपण सव्वीस हजार मोजतो, डोकं चालवल्याचे तीनशे द्यायला जीव जातो. मग तो वस्तू विकणार नाही तर काय करणार? ज्या बाजारात निदान फुकट आणि पार्टला कमिशन, तिथे प्रत्येक रोगाचं औषध नवा पार्ट हेच असणार. हा बाजार मिस्त्रीने एकट्याने घडवलेला नाही, आपण त्याला तसं शिकवलंय.

आणि न मोजण्याची किंमत कधीकधी रुपयांत नसते. सेल्फ लागत नाही म्हणून गाडीखाली शिरून सेल्फच्या दोन बोल्टांवर पाना टेकवायची सवय कित्येकांना आहे. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती जागची हलते आणि खाली माणूस असतो. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटतो आणि ॲसिड तोंडावर उडतं. म्हणून तर मायनस आधी काढायचा आणि शेवटी लावायचा. "आत्ता लाव, मग बघू" म्हणणारा मालक त्या पान्याखाली झोपलेला नसतो, क्लीनर असतो.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. सेल्फच्या किंवा बॅटरीच्या कामाच्या बिलावर चार आकडे लिहिलेले असावेत. उभ्या गाडीची बॅटरी किती, सेल्फ मारताना किती, प्लसकडची गळती किती, मायनसकडची किती. मालकाने ते मागावेत आणि त्यांचे वेगळे पैसे द्यावेत. हे आकडे नसतील तर बॅटरी बदलू नये, सेल्फ उघडू नये आणि कोणाच्या पगाराला तर अजिबात हात लावू नये.

आणि भाऊराया, तू हे वाचतोयस हे मला माहीत आहे. वहिनी प्रिंट काढून आईलाही वाचून दाखवणार. सहा हजार होतात. ते त्यांना नेऊन दे, आणि आळ जिथे घेतलास तिथेच, अड्ड्यावर, सगळ्यांसमोर दे. सव्वीस हजार चुकून खर्च करणारा मालक तेवढ्याने गरीब होत नाही.

असो. प्रतिक्रिया जरूर लिहा, शिव्याही चालतील. फक्त "आमच्याकडे बॅटरी बदलली आणि काम झालं" असं लिहिणार असाल तर सोबत आकडाही लिहा. मोजलं होतं का?